गिरकी आणि घेर

लहानपणी माझ्याकडे फ्रॉक पुष्कळ होते, पण मी त्यांचे दोनच प्रकार मानत असे: गिरकी घेतल्यावर उठणारे आणि न उठणारे. पहिल्या प्रकारात एकच फ्रॉक बसत असे. त्याचा निळा रंग धुऊन धुऊन विटला होता, गळ्याची पट्टी एका बाजूला ओढली गेली होती आणि घरातल्या मोठ्यांच्या मते त्याची जागा आता फडक्यांच्या ढिगात होती. मी मात्र कोठेही जायचे असले की तोच मागत असे, कारण खोलीच्या मध्यभागी उभे राहून दोन फेऱ्या घेतल्या की त्याचा घेर हळूहळू वर येऊन कमरेभोवती तबकडीसारखा तरंगत असे, आणि मी थांबले तरी तो लगेच थांबत नसे; आपल्याच वेगाने थोडा पुढे जाऊन पायांना गुंडाळला जाई आणि मग उलटा फिरून परत येई. झालरींचे आणि लेसचे नवेकोरे फ्रॉक या परीक्षेत हमखास नापास होत. आई मला दुकानातल्या आरशासमोर उभी करून "रंग बघ, किती खुलतोय तुला" असे म्हणे, तेव्हा मी आरशाकडे पाठ करून गिरकी घेत असे.

त्या निळ्या फ्रॉकचे रहस्य पुढे अनेक वर्षांनी, मांडणीच्या कागदावर कंपास फिरवताना उलगडले. तो पूर्ण वर्तुळाच्या घेराचा होता. कमर ५४ सेंटिमीटर असेल, तर कमरेच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण साडेआठ सेंटिमीटर येते. तिच्यात ४५ सेंटिमीटर लांबी मिळवून बाहेरचे वर्तुळ काढले, की खालच्या कडेचा घेर जवळजवळ ३ मीटर ३७ सेंटिमीटर भरतो. त्याच मापाचा अर्धवर्तुळी घेर २ मीटरही भरत नाही. कमरेशी एकही चुणी नाही आणि खाली मात्र एवढे कापड मोकळे, म्हणून तो उठत असे. चुण्या घालून घेर वाढवलेल्या फ्रॉकचे कापड कमरेशीच दाटीवाटीने अडकून राहते आणि तेथली जाडीच त्याला वर येऊ देत नाही. सात वर्षांच्या मुलीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तिची निवड बरोबर होती, याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो.

आठव्या वर्षी मला नृत्याच्या वर्गात घातले गेले. कपड्यांचे वेड आणि नाचाचे वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी घरात सर्वांची समजूत होती. एक नटण्यामुरडण्याचा नाद आणि दुसरी कला. पहिल्यावर डोळे वटारले जात, दुसरीचे कौतुक होई. मला स्वतःला ही फाळणी कधी कळलीच नाही. वर्गात पुढच्या ओळीतली मुलगी उडी मारून खाली येताना तिच्या ओढणीचे टोक तिच्यामागून किती उशिरा खाली येते, हे मी इतक्या तन्मयतेने पाहत असे की माझा ताल चुके. "तुझं लक्ष स्वतःच्या पायांकडे कमी आणि शेजारणीच्या ओढणीकडे जास्त असतं," असे आमच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या. ती तक्रार होती. पण माझ्या पुढच्या आयुष्याचे इतके नेमके वर्णन त्यानंतर कोणी केलेले नाही.

त्याच सुमारास मी एक वही सुरू केली. मासिकांतून कापलेली कपड्यांची चित्रे तिच्यात चिकटवायची आणि प्रत्येक चित्राखाली प्रश्न लिहायचे, असा तिचा क्रम होता. "हात वर जाईल का?" "मांडी घालता येईल का?" "पळताना पायात येईल का?" बहुतेक चित्रांपुढे मी "नाही" असे लाल पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. वही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यातले निकाल फारच कडक आहेत. एका लांबलचक पायघोळ पोशाखाला मी "उभे राहण्यासाठी ठीक" एवढाच शेरा दिला आहे.

बाराव्या वर्षी समूहनृत्यात भाग घेतला तेव्हा या वहीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अंगावरच मिळाले. पोशाख सर्वांसाठी एकदम शिवून आले होते आणि मापे घेताना आम्ही शहाण्या मुलींसारख्या हात खाली सोडून उभ्या होतो. रंगीत तालमीत दोन्ही हात डोक्यावर नेले आणि माझी उजवी बगल टरकन उसवली. प्रयोगाला तासभर उरला होता. मी रडायच्या बेतात असताना मावशीने पोशाख उलटा केला, बगलेची शिवण आणखी थोडी उसवली (हे पाहून मी खरोखरच रडले) आणि तेथे साधारण तळहाताएवढा चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा धरून, म्हणजे पतंगासारखा, बसवून टाकला. हात वर केला की तो तुकडा उघडे, खाली केला की मिटून दिसेनासा होई. त्या संध्याकाळी मी कशी नाचले हे मला आठवत नाही. विंगेत उभी असताना मी सारखा हात वर-खाली करून तो तुकडा उघडतो कसा आणि मिटतो कसा हे चाचपत होते, हे मात्र लख्ख आठवते.

येथे थोडे तांत्रिक बोलण्याचा मोह आवरत नाही. हात मोकळा हलावा म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खोल आणि सैल ठेवावा असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली उतरतो तितका हात वर करताना सगळा पोशाख कमरेपासून वर खेचला जातो. मुंढा बगलेच्या अगदी जवळ, उंच आणि आटोपशीर असावा लागतो आणि सैलपणा बाहीच्या खालच्या बाजूला द्यावा लागतो. उभ्या माणसावर अशा बाहीला बगलेखाली किंचित घड्या पडतात, त्यामुळे दुकानातल्या आरशात ती बिघडल्यासारखी दिसते. नाचणाऱ्या माणसावर तीच बाही निर्दोष असते. उभ्या शरीराचे सौंदर्य आणि हलत्या शरीराचे सौंदर्य यांचे हिशेब वेगळे असतात, आणि मला त्यांपैकी दुसऱ्या हिशेबात रस होता. फक्त हे ओळखायला मला आणखी दहा वर्षे लागली.

सोळा-सतरा वर्षांची असताना मला नर्तकी व्हायचे होते. निदान मी तसे सांगत असे, कारण प्रश्न विचारणाऱ्याला एक शब्दाचे उत्तर हवे असते. रोज तीन तास सराव चाले. मेहनतीत मी कमी पडले नाही. पण माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघीतिघींना पाहताना मला स्पष्ट कळत होते, की त्यांचे शरीर संगीताला आतून उत्तर देते आणि माझे शरीर पाठ केलेले म्हणून दाखवते. हे सत्य कोणी माझ्या तोंडावर बोलले नाही आणि मीही ते बराच काळ स्वतःशी बोलले नाही. दुसरीकडे घरातून "नाच की कपडे, दोहोंपैकी एक काय ते ठरव" असा आग्रह सुरू झाला होता. आग्रह चुकीचा नव्हता, प्रश्न चुकीचा होता. पण चुकीच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही म्हणजे आपल्यातच काही उणे आहे, असे त्या वयात वाटते.

त्या काळात जपानी फॅशन डिझायनर इस्सी मियाके यांच्याविषयी वाचायला मिळाले आणि मी तो मजकूर उभ्याउभ्याच संपवला. १९३८ मध्ये जन्मलेल्या मियाके यांना लहानपणी नर्तक किंवा खेळाडू व्हायचे होते. बहिणीची फॅशनची मासिके चाळता चाळता त्यांची दिशा बदलली. पुढे १९९१ मध्ये नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी त्यांनी चुणीदार कापडाचे पोशाख केले आणि १९९३ मध्ये त्याच तंत्रावर उभी असलेली 'प्लीट्स प्लीज' ही मालिका बाजारात आणली. तंत्र मोठे विलक्षण आहे. सामान्यतः आधी कापडाला चुण्या घालतात आणि मग ते कापून शिवतात. येथे पोशाख हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा बेतून आधी शिवतात, आणि मग तो कागदाच्या थरांमध्ये ठेवून यंत्राच्या उष्णतेने आणि दाबाने त्याला चुण्या पाडतात. पॉलिएस्टरचा धागा तापल्यावर घेतलेला आकार विसरत नाही, त्यामुळे असा पोशाख अंग ताणले की ताणतो, आवरले की आवरतो आणि पुन्हा आपल्या घडीत येतो. नर्तकांच्या अंगावर जे टिकते ते घरात वावरणाऱ्या माणसाला सोयीचे असणारच.

मियाके यांच्या गोष्टीने मला धीर दिला हे खरे. पण प्रसिद्ध माणसांच्या बालपणातून असे धागे ओढून काढणे सोपे असते, हेही आता वयाबरोबर कळते. नर्तक व्हायचे होते आणि तेही जमले नाही, दुसरेही काही जमले नाही, अशा माणसांच्या बालपणाविषयी कोणी लिहीत नाही.

मी फॅशन डिझाइनचे शिक्षण घेतले. पहिले वर्ष कंटाळवाणे गेले आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्या वर्षी उरेब काप, म्हणजे कापड तिरके कापणे, शिकवला गेला आणि मी जागी झाले. कापडाचे उभे आणि आडवे धागे आपापल्या दिशेला ताण सहन करतात, पण ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने ओढले की त्या धाग्यांनी बनलेला चौकोन समभुज चौकोनासारखा लांबटतो आणि कापड जणू लवचीक होते. शिवणकाम करणाऱ्या घरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतेच. गळ्याला गोलाईत बसणारी पट्टी उरेबच कापतात. मादलेन व्हिओने या फ्रेंच शिवणकर्तीने मात्र सबंध पोशाखच उरेब कापायचे धाडस केले. १९१२ मध्ये स्वतःचे दालन सुरू करणारी ही बाई कागदावर चित्र काढण्याऐवजी लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लपेटून पोशाख रचत असे. अनवाणी, सैल झग्यात नाचणाऱ्या इझाडोरा डंकनच्या मोकळ्या देहाचे तिला आकर्षण होते, आणि आतून कसलाही सांगाडा न घालता अंगाबरोबर वाहणारे तिचे पोशाख पाहिले की ते आकर्षण कोठे मुरले हे कळते. माझ्या डोक्यात लहानपणापासून शेजारी शेजारी वाहणारे दोन ओहोळ त्या सत्रात एकत्र आले. त्यानंतर निवडण्यासारखे काही उरलेच नाही.

तरीही पहिली नोकरी मी तयार कपड्यांच्या एका कंपनीत केली, कारण नृत्याच्या पोशाखांचे काम शिकवणारी जागा कोठे असते हेच मला ठाऊक नव्हते. तेथे दोन वर्षे मी एका मूळ मापावरून लहानमोठी मापे काढण्याचे काम केले. काम नेमके होते आणि त्याने माझ्या हाताला शिस्त लावली; आज माझी मांडणी अर्ध्या मिलिमीटरलाही हलत नाही, हे त्याच कामाचे देणे आहे. पण त्या कोष्टकातला माणूस कायम उभा असे. तो वाकत नसे, घामाघूम होत नसे, श्वासाने त्याची छाती फुगत नसे. एकदा मी बैठकीत बाही उंचावून पाहण्याची सूचना केली, तेव्हा "आपलं गिऱ्हाईक नाचत नाही" असे उत्तर मिळाले. ते उत्तर व्यापाराच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. त्या आठवड्यात मी राजीनाम्याचा मसुदा लिहिला.

पुढची जागा एका नृत्यसंस्थेच्या कपडेपटात मिळाली, तीही मदतनीस म्हणून. हुद्दा खालचा, पगार आधीपेक्षा कमी, आणि पहिले सहा महिने माझ्याकडे मुख्यतः धुलाई होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण पोशाख कोठे झिजतो हे धुलाईत जसे कळते तसे दुसऱ्या कशात कळत नाही. घामाने आधी पोशाखाची बगल आणि पाठीचा मधला भाग कुजतो, हुक एका ओळीत नेहमी वरून दुसरा तुटतो, आणि साखळी (झिप) जोडीदाराच्या हाताखाली येईल अशी लावली तर उचलताना ती दोघांनाही टोचते. पोशाख एका नर्तकीकडून दुसरीकडे जातो, म्हणून शिवणीत माया भरपूर ठेवावी लागते. बाजारच्या कपड्यात ती सेंटिमीटरभर असते, आमच्याकडे पाठीच्या आणि कुशीच्या शिवणीत चार-पाच सेंटिमीटर. शिवणीतल्या जास्तीच्या कापडाला मराठीने 'माया' हा शब्द दिला, याबद्दल मी मराठीची ऋणी आहे.

याच कपडेपटात मला या कामाचा इतिहासही नीट समजला आणि तो नुसत्या चमकत्या कापडाचा नाही हे कळले. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या ऑपेरात तालमीच्या वेळी एमा लिव्री या तरुण बॅले नर्तकीच्या तलम घागऱ्याने गॅसच्या दिव्यावर पेट घेतला आणि आठ महिन्यांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती त्या जखमांनी गेली. कापड पेटू नये म्हणून त्यावर रसायनाची प्रक्रिया करण्याची सोय तेव्हा होती. पण त्याने कापड ताठर आणि मळकट होते म्हणून तिने ती नाकारली होती. तिला दोष देणे मला जमत नाही. कापड उठले पाहिजे, तरंगले पाहिजे, हा तिचा हट्ट मला माझ्या निळ्या फ्रॉकपासून ओळखीचा आहे. पण तो हट्ट पुरवण्याची जबाबदारी नाचणारीवर टाकून चालत नाही. तरंगणारे आणि तरीही न पेटणारे कापड शोधणे हे पोशाख करणाऱ्याचे काम आहे, आणि आजही आम्ही प्रत्येक नव्या कापडाची चिंधी आधी ज्योतीवर धरतो.

लोई फुलर या अमेरिकी नर्तकीची कहाणी याच्या दुसऱ्या टोकाची आहे. मीटर-मीटर रेशमाला काठ्यांचे हात जोडून, त्यावर रंगीत प्रकाश टाकून ती नाचत असे, तेव्हा नाच कोठे संपतो आणि कापड कोठे सुरू होते हे सांगणे अशक्य होते. आपल्या नृत्याची नक्कल करणाऱ्या नर्तकीविरुद्ध तिने १८९२ मध्ये अमेरिकेत दावा लावला आणि तो हरली, कारण कथानक नसलेल्या नृत्यावर लेखनहक्क सांगता येत नाही असे न्यायालयाने ठरवले. १८९४ मध्ये तिने काठ्या जोडलेल्या त्या पोशाखाचेच पेटंट मिळवले. नाच कायद्याने तिचा ठरला नाही, पोशाख ठरला. माझ्या घरी नाच ही कला आणि कपडे हा नाद मानला जात असे, त्या मंडळींना हे सांगितले तेव्हा आत्या बराच वेळ हसत होती.

महत्त्वाकांक्षा हा शब्द मी आतापर्यंत टाळला, कारण माझ्याबाबतीत तिचा आकार वयानुसार मोठा होण्याऐवजी नेमका होत गेला. दहाव्या वर्षी सर्वांनी माझ्याकडे पाहावे असे वाटे. सतराव्या वर्षी रंगमंच हवा होता. विसाव्या वर्षी कपड्यांवर माझ्या नावाची पट्टी हवी होती. आता, पस्तिशीला, मला एक गोष्ट हवी आहे: नर्तकांच्या शरीराची मापे घेण्याची एक पद्धत, जिच्यात प्रत्येक माप दोनदा घेतलेले असेल, एकदा स्थिर असताना आणि एकदा त्या नृत्यप्रकारातल्या टोकाच्या अवस्थेत. बॅलेत पाठ मागे कमानदार होते तेव्हा पुढची लांबी किती वाढते, भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धे बसल्यावर पायांमधला चुण्यांचा पंखा कितपत उघडावा लागतो, फ्लेमेंकोत पायाने मागे उडवल्या जाणाऱ्या लांब शेपटीचे वजन कमरेच्या कोणत्या बिंदूवर पडते, हे आज अनुभवी हातांना ठाऊक आहे, पण ते हातांबरोबरच निघून जाते. गेली तीन वर्षे मी प्रत्येक मापासाठी कोष्टकात दुसरा रकाना ठेवते आहे. ही वही लहानपणच्या वहीसारखीच आहे. प्रश्न तेच, फक्त लाल पेन्सिलीच्या जागी टेप आला.

या कामात नाव फार होत नाही आणि उत्पन्नाला भरती-ओहोटी असते. घाई करण्यातही अर्थ नसतो. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीनच्या बॅलेंसाठी वर्षानुवर्षे इतरांची रेखाटने कापडात उतरवणाऱ्या बार्बरा कारिन्स्का हिने बॅलेसाठी पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतले पोशाख केले ते १९४९ मध्ये, तेव्हा ती ६३ वर्षांची होती. तिच्या चोळ्यांच्या कुशीचे तुकडे उरेब कापलेले असत, म्हणजे नर्तकीने खोल श्वास घेतला की चोळी तिच्याबरोबर फुगे. हा तपशील नुसता वाचून समजतो, पण पटायला घट्ट चोळीत तीन मिनिटे नाचून धाप लागावी लागते. मी मध्यम प्रतीची नर्तकी होते, त्याचा उपयोग असा झाला. आजही आठवड्यातून दोन दिवस मी वर्गात जाते, शेवटच्या ओळीत उभी राहते आणि ताल चुकवते.

सध्या माझ्या टेबलामागे एक पूर्ण वर्तुळाचा घागरा टांगलेला आहे. वर्तुळाकार कापडाचा काही भाग सरळ धाग्यावर येतो आणि काही उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू लोंबतो, म्हणून कड दुमडण्यापूर्वी तो निदान एक रात्र टांगून ठेवावा लागतो. आज सकाळी मापून पाहिले तर कड चार ठिकाणी दोन-दोन सेंटिमीटर खाली आली होती. ज्या मुलीसाठी तो आहे ती काल माप द्यायला आली होती. हात वर कर, वाक, बस, असे सगळे करून झाल्यावर मी तिला गिरकी घ्यायला सांगितले, तर ती म्हणाली, "ताई, ती मी आल्या आल्याच घेतली. तुम्ही टाचण्या शोधत होता तेव्हा." उद्या ती पुन्हा येईल तेव्हा कड समतल कापलेली असेल.